दीड तास उशिरा आलेला ट्रक

१६ महिने आधी

मार्च १९१७. पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावासाठी लागलेल्या रांगांतून दंगली उसळल्या आणि दंगल शमवायला पाठवलेले सैनिकच दंगलखोरांना मिळाले. झार दुसरा निकोलस शेकडो किलोमीटर दूर, मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात होता. झारिना अलेक्झांड्रा पाच मुलांसह राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यात होती. ड्यूमाचे, म्हणजे रशियन संसदेचे, अध्यक्ष रोद्झियान्को यांचा सल्ला होता की, कुटुंबाने तिथून लगेच निघावे. पण मुलांना गोवर झाला होता, अंगात ताप होता. अशा मुलांना घेऊन निघणे आईला पटले नाही. तिने थांबायचे ठरवले. पुढच्या काही दिवसांतच रेल्वे क्रांतिकारकांच्या हातात गेली.

१५ मार्चच्या रात्री प्स्कोव स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत निकोलसने राजत्यागाच्या कागदावर सही केली. स्वतःबरोबर आजारी मुलाचाही हक्क त्याने सोडला. २१ मार्चला कुटुंब नजरकैदेत गेले.

१५ महिने आधी

२२ मार्च १९१७ रोजी ब्रिटिश मंत्रिमंडळाने कुटुंबाला आश्रय द्यायचे मान्य केले. राजे पाचवे जॉर्ज हे निकोलसचे सख्खे मावसभाऊ. १८९० च्या डिसेंबरात हाच निकोलस युवराज म्हणून जगप्रवासाला निघाला असताना मुंबईच्या बंदरात उतरला होता, तेव्हा याच ब्रिटिश सरकारने त्याची शाही बडदास्त ठेवली होती.

३० मार्चला राजांच्या खासगी सचिवांनी, लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांनी, परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले. ही कल्पना कितपत शहाणपणाची आहे, याविषयी राजांना शंका होती. ६ एप्रिलला आणखी पत्रे गेली. झारला आसरा दिला तर ब्रिटिश कामगारांचा रोष आपल्या सिंहासनावर येईल, ही धास्ती होती. एप्रिल संपता संपता प्रस्ताव मागे पडला. निकोलसला आपल्या भावाने हात आखडता घेतल्याचे शेवटपर्यंत कळले नाही, असे मानले जाते.

११ महिने आधी

१४ ऑगस्ट १९१७. हंगामी सरकारचे प्रमुख केरेन्स्की यांनी कुटुंबाला सैबेरियातल्या तोबोल्स्कला हलवायचे ठरवले होते. कारण सरळ होते. तोबोल्स्कला रेल्वे नव्हती, म्हणून तिथे जमाव लवकर पोहोचणार नव्हता. ज्या कारणाने जमाव येणार नव्हता, त्याच कारणाने नदी गोठल्यावर तिथून कुणी बाहेरही पडू शकणार नव्हते.

गाडी रात्री सुटायची होती. सामान बांधून, कपडे करून, अख्खे कुटुंब रात्रभर बसून राहिले. गाडी निघाली पहाटे सहाच्या सुमारास. रात्री उठायचे, तयार व्हायचे, सांगतील तिकडे जायचे आणि विचारायचे नाही, हे या मुलांनी इथून शिकायला सुरुवात केली. पुढच्या घटना समजून घेताना ही सवय लक्षात ठेवावी लागते.

१२ आठवडे आधी

हंगामी सरकार पडले होते. सत्ता आता लेनिनच्या बोल्शेविकांकडे होती. २२ एप्रिल १९१८ रोजी मॉस्कोचा अधिकारी वासिली याकोवलेव तोबोल्स्कला आला. निकोलसला घेऊन जाण्याचा त्याला हुकूम होता. तेरा वर्षांचा अलेक्सेई त्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेला होता. त्याला हिमोफिलिया होता. लहानशा आघातानेही आत रक्तस्राव होई आणि तो थांबत नसे. अलेक्झांड्राला नवरा आणि मुलगा यांतून एकाची निवड करावी लागली. तिने नवऱ्याबरोबर जायचे ठरवले. तिसरी मुलगी मारिया बरोबर निघाली. बाकीच्या तिघी भावापाशी राहिल्या.

वाटेत गाडीची दिशा बदलली, पुन्हा वळली आणि ३० एप्रिलला ती उरल पर्वतातल्या येकातेरिनबुर्गला येऊन थांबली. उरलचे लोक आपल्याविषयी किती कडवट आहेत हे निकोलसला ठाऊक होते. बाकी कुठेही चालेल, उरल नको, असे तो म्हणाला होता.

अलेक्झांड्राने तोबोल्स्कला निरोप धाडला की, 'औषधां'ची ठरल्याप्रमाणे व्यवस्था करा. औषधे म्हणजे जवाहीर. मुलींनी आणि दासींनी हिरे चोळ्यांत, पट्ट्यांत, बटणांच्या आत शिवून टाकले. पुढे कधी सुटका झालीच, तर निर्वासित म्हणून जगायला हाच आधार होता. या टाक्यांनी पुढे काय केले, ते १७ जुलैच्या पहाटे दिसले.

८ आठवडे आधी

२३ मे. उरलेली चार भावंडे येकातेरिनबुर्गला पोहोचली. कुटुंब पुन्हा एकत्र आले. निवास होता इंजिनिअर इपातिएव यांचे घर. ते सरकारने ताब्यात घेतले होते आणि त्याला 'विशेष हेतूचे घर' असे नाव दिले होते. भोवती लाकडी फळ्यांचे उंच कुंपण, त्याबाहेर आणखी एक. वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या काचांना चुना फासलेला. बाहेर काय चालले आहे ते दिसत नसे, फक्त उजेड आत येई.

मुलांबरोबर आलेल्या बहुतेक माणसांना आत सोडले नाही. घरातल्या दोन सेवकांना, इवान सेद्नेव आणि नागोर्नी यांना, काही दिवसांत पकडून नेले आणि काही आठवड्यांत गोळ्या घातल्या. घरात कुणालाही ते कळले नाही. इवानचा पुतण्या लिओनिद स्वयंपाकघरात हाताखाली काम करायचा. तो अलेक्सेईच्याच वयाचा, त्याचा एकुलता एक सवंगडी. तो आत राहिला.

३ आठवडे आधी

जूनमध्ये दुधाच्या बाटल्यांबरोबर फ्रेंचमध्ये लिहिलेल्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. लिहिणारा स्वतःला रशियन सैन्यातला एकनिष्ठ अधिकारी म्हणवत होता: तयारीत राहा, आम्ही सोडवायला येतो. २५ जूनच्या सुमारास एक अख्खी रात्र कुटुंब कपडे घालून बसून राहिले. कुणी आले नाही. आम्ही पळून जाऊ शकत नाही आणि इच्छितही नाही, फक्त बळाने आम्हाला नेता येईल, असे निकोलसने कळवले.

असा अधिकारी नव्हताच. चिठ्ठ्या उरलच्या बोल्शेविकांनी आणि त्यांच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे चेकाने, रचल्या होत्या. उत्तरे त्यांच्या दप्तरात जमा झाली. पळून जाण्याचा कट होता, एवढे म्हणायला आता लेखी पुरावा हाती होता.

१३ दिवस आधी

४ जुलै. घराचा अधिकारी अवदेयेव याला काढले. दारू आणि चोऱ्या बोकाळल्या होत्या. त्याच्या जागी याकोव युरोव्स्की आला. चाळिशीचा, पूर्वी घड्याळे दुरुस्त करणारा, पुढे फोटो स्टुडिओ चालवणारा, आता चेकाचा अधिकारी. त्याने कुटुंबाच्या अंगावरच्या दागिन्यांची यादी केली, पेटीत बंद करून मोहर लावली आणि पेटी त्यांच्याच टेबलावर ठेवली. चोऱ्या थांबल्या. हा माणूस शिस्तीचा आहे, असे निकोलसला आधी वाटले. आतले पहारेकरीही बदलले. नव्यांना घरातले लोक 'लेट' म्हणजे लाटव्हियन म्हणत.

६ दिवस आधी

११ जुलै. वरच्या मजल्यावरची एकच खिडकी उघडायची परवानगी होती. त्या दिवशी न सांगता कामगार आले आणि त्या खिडकीला लोखंडी जाळी ठोकून गेले. निकोलसने रोजनिशीत नोंद केली की, युरोव्स्की आपल्याला दिवसेंदिवस कमी आवडतो आहे.

शहरात तोफांची चाहूल लागली होती. रशियात अडकून पडलेली चेकोस्लोव्हाक पलटण मे महिन्यात बोल्शेविकांविरुद्ध उठली होती. ती आणि 'गोऱ्यां'ची, म्हणजे बोल्शेविकविरोधी रशियनांची, फौज येकातेरिनबुर्गच्या दिशेने सरकत होती.

५ दिवस आधी

उरलचा लष्करी कमिसार फिलिप गोलोश्चोकिन मॉस्कोहून परतला. तिथे तो जुना सहकारी, बोल्शेविक नेता स्वेर्द्लोव याच्या घरी उतरला होता. मॉस्कोत काही काळ झारवर उघडा खटला चालवायची चर्चा होती. त्रोत्स्कीला तो खटला हवा होता. १२ जुलैला उरल सोविएतच्या, म्हणजे तिथल्या बोल्शेविक सत्तामंडळाच्या, बैठकीत खटल्याला वेळ नाही असे ठरले.

३ दिवस आधी

१४ जुलै, रविवार. फादर स्तोरोजेव आणि त्यांच्या मदतनिसाला प्रार्थनेसाठी आत घेतले. प्रार्थनेत एक ओळ असते, मृतांच्या शांतीची. ती या विधीत नुसती वाचायची असते. मदतनिसाने त्या दिवशी ती गाऊन म्हटली. पाठीमागून कपड्यांची सळसळ ऐकू आली. अख्खे कुटुंब गुडघ्यांवर बसले होते. याआधी हेच लोक गात असत. या वेळी कुणीही गायले नाही. निघताना एका मुलीने हलक्या आवाजात आभार मानले. बाहेर आल्यावर दोघे बराच वेळ बोलले नाहीत. मग मदतनीस म्हणाला की, तिथे काहीतरी घडले आहे, ती माणसे बदलली आहेत.

फादर स्तोरोजेव यांनी हे पुढे तपास अधिकाऱ्यांना सांगितले. सगळ्या साक्षींत ही साक्ष मला सर्वांत जड वाटते. दोन परक्या माणसांना अर्ध्या तासात जे जाणवले, ते घरातल्यांना जाणवले नसेल असे म्हणता येत नाही.

२ दिवस आधी

१५ जुलै. फरशी पुसायला शहरातून बायका आल्या. त्यांच्याशी बोलायची बंदी होती. राजकन्यांनी त्यांच्याबरोबर खाटा सरकवल्या आणि हसतखेळत हातभार लावला, असे त्या बायकांनी नंतर सांगितले.

त्याच दिवशी युरोव्स्कीने दूध घेऊन येणाऱ्या मठातल्या साध्वींना सांगितले: उद्या ५० अंडी आणा, टोपलीत नीट बांधून.

१६ जुलै १९१८, सकाळ

आभाळ सुरुवातीला करडे, नंतर छान ऊन. कुटुंब अजून जुन्या रशियन पंचांगाने दिवस मोजायचे. त्यांच्या हिशेबी हा ३ जुलै. घरात कैदी होते बारा. निकोलस ५० वर्षांचा, अलेक्झांड्रा ४६ वर्षांची. ओल्गा २२, ततियाना २१, मारिया १९, अनास्तासिया १७. अलेक्सेई १३ वर्षांचा, महिनाभराने १४ पूर्ण करणारा. डॉक्टर येवगेनी बोत्किन. दासी आन्ना देमिदोवा. स्वयंपाकी खारितोनोव. सेवक त्रुप. आणि मुलगा लिओनिद.

शेवटच्या पाच जणांवर कसलाही आरोप नव्हता. डॉक्टर बोत्किन स्वेच्छेने आले होते. आपली कैद काळाने नव्हे, आयुष्यानेच संपेल अशा अर्थाचे एक पत्र त्यांनी जुलैच्या सुरुवातीला लिहायला घेतले होते. ते अर्धवटच राहिले.

अंडी आली. आठवड्यानंतर मुलासाठी अंडी मिळाली याचे अलेक्झांड्राला समाधान वाटले. तिने ते रोजनिशीत टिपले. बाकीची अंडी दुसऱ्या दिवशी जंगलात काम करणाऱ्या माणसांसाठी होती. तपास पथकाला पुढे खाणीजवळ अंड्यांची टरफले सापडली.

सकाळी सगळे अर्धा तास बागेत फिरले. अलेक्झांड्रा आणि ओल्गा 'औषधे' लावत बसल्या.

दुपार

बाकीचे पुन्हा बाहेर गेले. ततियाना आईपाशी राहिली. दोघींनी बायबलमधले आमोस आणि ओबद्या वाचले. दोन्ही पुस्तकांत गर्विष्ठ राज्ये बुडण्याची भविष्ये आहेत.

मॉस्कोत दुपारी लेनिनपुढे कोपनहेगनच्या एका वृत्तपत्राची तार होती. माजी झारला मारल्याची अफवा आहे, खरे काय, असा प्रश्न होता. लेनिनने उत्तर लिहिले की अफवा खोटी आहे, माजी झार सुरक्षित आहे. संपर्क तुटलेला असल्याने ती तार गेलीच नाही. लिहिली त्या क्षणी ती खरी होती.

संध्याकाळी ६ वाजता

गोलोश्चोकिनने युरोव्स्कीला हुकूम दिला. आज रात्री. मध्यरात्री मृतदेह न्यायला ट्रक येईल.

त्याच वेळी लिओनिदला बाहेर बोलावले. तुझा काका परत आला आहे, त्याला तुला भेटायचे आहे. मुलगा धावत गेला. काका इवानला गोळ्या घालून काही आठवडे झाले होते.

लिओनिदला समोरच्या घरात ठेवले. त्याला वाचवायचे असे कुणीतरी ठरवले होते. एकाला वगळायचे ठरवणाऱ्यांना बाकीच्यांची नावे पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागली असणार. अलेक्सेई त्याच वयाचा होता. ते नाव तसेच राहिले.

रात्री ८ वाजता

जेवण झाले. लिओनिद परतला नव्हता. घरात अस्वस्थता पसरली. डॉक्टर बोत्किन युरोव्स्कीकडे विचारायला गेले. त्यांना तेच काकाचे कारण सांगितले. अलेक्झांड्राने रोजनिशीत लिहिले की, हे खरे आहे का, आणि मुलगा पुन्हा दिसेल का, कोण जाणे. त्या रात्री घरात मिळालेला शेवटचा इशारा हाच होता आणि तो तिने अचूक ओळखला. पण ओळखून करण्यासारखे काही नव्हते.

तळमजल्यावर युरोव्स्कीने पहारेकऱ्यांचा प्रमुख पावेल मेद्वेदेव याला पहाऱ्यावरच्यांची रिव्हॉल्व्हरे गोळा करायला सांगितले. बारा रिव्हॉल्व्हरे टेबलावर आली.

रात्री ९ वाजून २२ मिनिटे, मॉस्को

येकातेरिनबुर्ग ते मॉस्को सरळ तार लागत नव्हती. म्हणून गोलोश्चोकिन आणि उरल सोविएतमधला त्याचा सहकारी साफारोव यांचा संदेश पेत्रोग्राडहून, तिथला बोल्शेविक प्रमुख झिनोव्हिएव याच्यामार्फत पाठवण्यात आला. फिलिपशी (म्हणजे गोलोश्चोकिनशी) ठरलेला खटला लष्करी परिस्थितीमुळे लांबवता येत नाही. तुमचे मत वेगळे असेल तर ताबडतोब कळवा. खटला हा शब्द इथे खटल्यासाठी वापरलेला नव्हता. तार ९ वाजून २२ मिनिटांनी पोहोचली. येकातेरिनबुर्गची घड्याळे दोन तास पुढे होती. तिथे साडेअकरा व्हायला आले होते.

मॉस्कोचा लेखी होकार आजवर सापडलेला नाही. लेखी नकारही सापडलेला नाही. विरोध असेल तर कळवा, अशा भाषेत जेव्हा माणसांच्या जिवाचा प्रश्न विचारला जातो, तेव्हा गप्प राहणे हेच उत्तर असते. माझ्या मते, हुकूम कुणाचा या वादात ही गोष्ट मागे पडते.

रात्री १० वाजून ३० मिनिटे

अलेक्झांड्रा नवऱ्याबरोबर पत्ते खेळली. मग झोपायला गेली. झोपण्याआधी रोजनिशीत दिवसाची शेवटची नोंद केली: तापमान १५ अंश.

खाली जागा निवडून झाली होती. तळघरासारखी, अर्धी जमिनीत गेलेली एक खोली. आत जाळीची एकच खिडकी. भिंत लाकडी आणि वर गिलावा केलेली, म्हणजे गोळी उलट उडणार नाही असा हिशेब. सामान सगळे बाहेर काढले. खुर्च्यासुद्धा.

गोळ्या घालणाऱ्यांना कुणी कुणावर नेम धरायचा हे वाटून दिले होते. दोन लाटव्हियनांनी मुलींवर गोळी झाडायला नकार दिला. त्यांना वगळले. नकार देता येत होता, एवढे यावरून कळते.

बाहेरच्या पहारेकऱ्यांना सांगून ठेवले की, गोळ्यांचा आवाज आला तर घाबरू नका.

मध्यरात्र, १२ वाजता

ट्रक आला नाही.

रात्री १ वाजता

ट्रक आला नाही. वरच्या मजल्यावर अकरा जण झोपले होते. त्या अक्षांशावर जुलैत रात्र छोटी असते. मृतदेह न्यायला, पुरायला आणि खुणा मिटवायला जो काळोख हवा होता, तो कमी होत चालला होता.

रात्री १ वाजून ३० मिनिटे

फियाट ट्रक आला. चालक होता ल्युखानोव. बरोबर बोल्शेविक कार्यकर्ता पिओत्र येर्माकोव, तो दारू प्यायलेला.

युरोव्स्की वर गेला आणि त्याने डॉक्टर बोत्किन यांना उठवले. शहरात गडबड आहे, वरच्या मजल्यावर धोका आहे, सगळ्यांनी खाली यायचे आहे. डॉक्टरांनी बाकीच्यांना उठवले.

त्यांनी तोंडे धुतली, कपडे केले. यात सुमारे अर्धा तास गेला. त्यांना कुणी घाई केली नाही. जवाहीर शिवलेल्या चोळ्या मुलींनी अंगात चढवल्या. हलवायचे म्हटले की याच घालायच्या, हे ठरलेले होते. आपल्याला कुठेतरी नेत आहेत असे त्यांना वाटत होते, त्याचा हाच पुरावा.

साधारण २ वाजता

सगळे जिना उतरले. निकोलसने मुलाला उचलून घेतले होते. अलेक्सेईला चालता येत नव्हते. देमिदोवाच्या हातात उशी होती. तिच्यातही दागिने होते. कुणी रडले नाही, कुणी काही विचारले नाही. अंगणातून पुन्हा आत, मग त्या खोलीत.

रिकामी खोली पाहून अलेक्झांड्राने विचारले की इथे खुर्चीही नाही का? बसायचे नाही का? तिला पाठीचे आणि पायांचे दुखणे होते. युरोव्स्कीने दोन खुर्च्या आणवल्या. एकीवर ती बसली, दुसरीवर निकोलसने मुलाला बसवले. बाकीच्यांना भिंतीशी ओळीत उभे राहायला सांगितले. ते राहिले.

बाहेर ट्रकचे इंजिन सुरू होते.

सव्वादोनच्या सुमारास

दारातून माणसे आत आली. युरोव्स्कीने सांगितले की, तुमचे नातलग सोविएत रशियावर हल्ले करतच आहेत, म्हणून उरल कार्यकारी समितीने तुम्हाला गोळ्या घालायचे ठरवले आहे. निकोलस कुटुंबाकडे वळला. मग परत फिरून म्हणाला, काय? काय? युरोव्स्कीने वाक्य पुन्हा म्हटले.

गोळीबार सुरू झाला. पहिल्या फैरीतच निकोलस पडला. बहुतेकांनी नेम वाटून दिल्याप्रमाणे धरलाच नाही. सगळे त्याच्यावर झाडत होते. खोली धुराने भरली. गोळ्या भिंतींवरून आणि मुलींच्या अंगावरून उलट उडत होत्या. युरोव्स्कीने गोळीबार थांबवला तेव्हा अलेक्सेई, तीन बहिणी, देमिदोवा आणि डॉक्टर बोत्किन जिवंत होते.

मुली का मरत नाहीत हे मारणाऱ्यांना कळेना. संगिनींनी प्रयत्न केला. चोळ्यांत संगीन शिरत नव्हती. कारण त्यांना जंगलात कपडे उतरवल्यावर कळले. युरोव्स्कीच्या हिशेबाने जवाहीर अर्धा पूड, म्हणजे सुमारे आठ किलो भरले. सुटकेच्या आशेने घातलेल्या टाक्यांनी मुलींचे मरण लांबवले, एवढेच झाले.

गोळीबारापासून नाडी तपासेपर्यंत सगळ्याला सुमारे २० मिनिटे लागली, असे युरोव्स्कीने स्वतः लिहून ठेवले आहे.

पहाटे ३ च्या सुमारास

ट्रक शहराबाहेर कोप्त्याकी गावाच्या जंगलाकडे निघाला. वाटेत तो रुतला. उजाडले. मृतदेह एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकले. खड्ड्यात पाणी कमी होते, देह झाकले गेले नाहीत.

१७ जुलै, सकाळ आणि रात्र

सकाळी साध्वी नेहमीप्रमाणे दूध घेऊन आल्या. त्या दिवशी ते कुणी घेतले नाही.

रात्री ९ वाजता उरल सोविएतचा अध्यक्ष बेलोबोरोदोव याने क्रेमलिनला सांकेतिक तार केली. स्वेर्द्लोवला सांगा, अख्ख्या कुटुंबाचे तेच झाले जे कुटुंबप्रमुखाचे झाले. अधिकृतपणे कुटुंब स्थलांतरात मेले असे सांगितले जाईल.

त्याच रात्री, दुसऱ्या एका गावी, अलापायेव्स्कला, अलेक्झांड्राची बहीण एलिझाबेथ आणि राजघराण्यातल्या आणखी काही जणांना खाणीत ढकलण्यात आले.

१९ जुलै, पहाटे

मृतदेह पहिल्या खड्ड्यातून काढून दुसरीकडे नेताना ट्रक पुन्हा चिखलात रुतला. तिथेच रस्त्यात खड्डा खणला. नऊ जणांना त्यात टाकून गंधकाम्ल ओतले. अलेक्सेई आणि मारिया यांचे देह वेगळे जाळले.

त्याच दिवशी मॉस्कोच्या वृत्तपत्रांनी छापले की माजी झारला गोळ्या घातल्या. त्याची बायको आणि मुलगा यांना सुरक्षित ठिकाणी पाठवले आहे. चार मुलींचा उल्लेख नव्हता. डॉक्टर, दासी, स्वयंपाकी, सेवक यांचाही नव्हता.

२५ जुलै

चेकोस्लोव्हाक पलटण आणि गोऱ्यांची फौज येकातेरिनबुर्गात शिरली. त्यांनी इपातिएव घराचे दार उघडले, तेव्हा त्या रात्रीला आठ दिवस झाले होते.

नंतर

१९७७ मध्ये सोविएत सत्तेने ते घर पाडले. १९७९ मध्ये दोन रशियन संशोधकांनी रस्त्यातला खड्डा शोधून काढला आणि भीतीपोटी दहा वर्षे कुणाला सांगितले नाही. १९९१ मध्ये तो अधिकृतपणे उकरला. नऊ सांगाडे निघाले. १७ जुलै १९९८ रोजी, बरोबर ८० वर्षांनी, ते सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये पुरले. मारिया आणि अलेक्सेई यांच्या हाडांचे तुकडे २००७ मध्ये सापडले.

१९१८ च्या उन्हाळ्यात ज्या खटल्याला वेळ नव्हता तो कधीच चालला नाही. न्यायालयात हे प्रकरण ९० वर्षांनी निकाली निघाले. १ ऑक्टोबर २००८ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निकोलस, त्याची बायको आणि पाच मुले यांना बेकायदेशीरपणे मारले गेले आणि ते राजकीय दडपशाहीचे बळी आहेत.